डेन्व्हर ते वेगस: मित्रांकडे दोन रात्री, मध्ये पाच पार्क्स

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं डेन्व्हरहून गाडी काढली आणि अकरा दिवसांनी लास वेगसला पोचलो. डेन्व्हरला नवऱ्याचा कॉलेजातला मित्र, वेगसला माझी मैत्रीण आणि मधल्या वाटेवर युटा राज्यातली पाचही नॅशनल पार्क्स: आर्चेस, कॅन्यनलँड्स, कॅपिटल रीफ, ब्राइस आणि झायन. यंदा ओळखीतली दोन कुटुंबं हाच रस्ता धरणार आहेत. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून टाकते.

आधी मित्रांच्या तारखा घ्या, मग पार्कांची बुकिंग करा. आम्ही उलटं केलं, आणि नेमका मित्र त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाला बाहेरगावी. हॉटेलं बदलण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मित्राकडून निघाल्यावरचा दिवस नुसता गाडी चालवण्याचा ठेवा. उन्हाळ्यात पार्कात उजाडता उजाडता पोचायचं असतं आणि मित्राकडे रात्री दीडपर्यंत कुणी झोपू देत नाही. डेन्व्हर ते मोॲब साधारण साडेतीनशे मैल आहे. नाश्ता करून रमतगमत निघालात तरी संध्याकाळी पोचता.

मुक्काम दोन रात्रींचा करा. एका रात्रीसाठी घरच्यांना चादरी धुवायला लावणं बरं नव्हे, आणि तिसऱ्या दिवशी ते कामाला जातात नि आपण त्यांच्या घरात मांजरासारखे फिरत बसतो. जाताना त्यांच्या फ्रीजरमध्ये पाण्याच्या सहा-सात बाटल्या गोठवून घ्या, प्रत्येकीत वर थोडी जागा रिकामी ठेवून. कूलरमध्ये बर्फाचं काम होतं आणि वितळलं की तेच पाणी प्यायला.

आता पार्क्स. आर्चेसमध्ये डेलिकेट आर्च या दगडी कमानीची चढण जाऊन-येऊन तीनच मैल, पण उघड्या खडकावरून. सावलीचं नाव नाही. आम्ही सहाला चढायला लागलो. परतताना साडेनऊला वर निघालेली लाल चेहऱ्याची माणसं बघून वाईट वाटलं. माणशी दोन लिटर पाणी धरा. कॅन्यनलँड्समध्ये सूर्योदयाला मेसा आर्चपाशी ट्रायपॉडवाल्यांची भिंत असते, कोपर मारायची तयारी हवी.

कॅपिटल रीफ लोक गाडीतूनच बघून पुढे जातात. तसं करू नका. तिथे फ्रूटा नावाची जुनी वस्ती आहे, मॉर्मन लोकांनी लावलेल्या फळबागांची. हंगामात झाडं खुली झाली की स्वतः फळं तोडायची, वजन करून पैसे द्यायचे. शिडीवर मी, खाली नवरा सूचना देणार, जसं घरी चालतं तसंच.

तिथून ब्राइसला हायवे १२ नेच जा, पण दिवसाउजेडी. एस्कलांटेच्या अलीकडे रस्ता एका धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना नुसती दरी. अंधार पडला की हरणं आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. फोनला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि टाकी निम्मी झाली की पहिल्या पंपावर थांबा.

ब्राइस आठ हजार फुटांच्या वर आहे, जूनमध्येही रात्री जाड जॅकेट लागलं. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि त्यातूनच इथले खडकांचे सुळके कोरले गेलेत. इथल्या पायवाटांना आधी उतार असतो आणि चढ परतताना, तेव्हा पाय शिल्लक ठेवा.

झायनमध्ये शटल चालू असताना मुख्य दरीच्या रस्त्यावर आपली गाडी नेता येत नाही. पार्किंग सकाळीच भरतं. गाडी स्प्रिंगडेल गावात ठेवा आणि गावातल्या मोफत शटलने दारापर्यंत या. नॅरोजला, म्हणजे नदीतून चालत जायच्या घळीत, शिरण्यापूर्वी त्या दिवसाचा पुराचा अंदाज विचारा. डोक्यावर आकाश निळं असतं आणि पाऊस वर कुठेतरी मैलोगणती लांब पडलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारल्याशिवाय नकोच. एंजल्स लँडिंगला, म्हणजे तिथल्या उंच कड्यावरच्या चढाईला, २०२२ पासून परमिट लागतं. मला उंचीचं भय, म्हणून आम्ही त्या भानगडीत पडलो नाही.

सगळ्या नॅशनल पार्कांचा वार्षिक पास ८० डॉलरचा. एका झायनच्या गेटवरच गाडीचे ३५ जातात, तेव्हा तो वसूल होतो. मात्र भारतातून आई-बाबा आलेले असतील तर आधी हिशोब करा: २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना ब्राइस आणि झायनला माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात, आणि त्यांचा वार्षिक पास २५० चा आहे.

आणि घड्याळ. नेवाडा युटाच्या एक तास मागे आहे. मैत्रिणीला सातला येतो म्हणून कळवलं, रस्त्यात फोनकडे बघितलंच नाही, आणि सहाला दारात हजर. ती अजून ऑफिसातच होती. तिच्या सासूबाईंनी दार उघडलं, आमच्या लाल धुळीने माखलेल्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तुम्ही सातला येणार होतात ना?"