कोणी? कोणावर? प्रतिक्रिया बलाने घातलेला घोळ

अकरावीच्या चाचणीत एक प्रश्न आला होता: टेबलावर पुस्तक ठेवलं आहे, क्रिया-प्रतिक्रिया बलांची एक जोडी लिहा. (न्यूटनचा तिसरा नियम: एक वस्तू दुसरीवर बल लावते, तेव्हा दुसरीही पहिलीवर तेवढंच, उलट दिशेने बल लावते. ही दोन बलं म्हणजे जोडी.) मी बेधडक लिहिलं, क्रिया म्हणजे पुस्तकाचं वजन, प्रतिक्रिया म्हणजे टेबलाचं अभिलंब बल, म्हणजे टेबल पुस्तकाला वर ढकलतं ते. दोन्ही समान, दिशा विरुद्ध. गुण शून्य. शेजारी लाल शाईत दोनच शब्द: 'कोणी? कोणावर?'

वजन म्हणजे पृथ्वीने पुस्तकाला ओढणं. त्याची जोडीदार म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला ओढणं. टेबलाचा तिथे संबंधच नाही! टेबल पुस्तकाला वर ढकलतं, तेव्हा पुस्तक टेबलाला खाली दाबतं. ही वेगळी जोडी. जोडीतली दोन बलं कधीच एका वस्तूवर नसतात, म्हणून ती एकमेकांना रद्दही करत नाहीत.

तरी खात्री पटत नव्हती, म्हणून वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभा राहिलो. (शेजारचे काका बघत राहिले.) माझं वस्तुमान ६० किलो. लिफ्ट १ मी/से² त्वरणाने वर निघाली तर काट्याला मला ६० × १०.८ (गुरुत्वाचे ९.८ अधिक लिफ्टचा १) म्हणजे ६४८ न्यूटन बलाने ढकलावं लागतं, आणि आकडा ६६ किलोच्या आसपास जातो. वजन, म्हणजे पृथ्वीची ओढ, मात्र ६० × ९.८ म्हणजे ५८८ न्यूटनच. खरी जोडी असती तर ही दोन बलं वेगळी झालीच नसती.

थोडा दोष शब्दाचाही आहे. आपल्याकडे कोणी काही बोललं की मग प्रतिक्रिया येते. इथे आधी-नंतर काही नाही, दोन्ही एकाच क्षणी. कुठल्याही एकाला क्रिया म्हणा.

बैलगाडीचं कोडं तर प्रत्येकाला पडतं: गाडी बैलाला तेवढ्याच बलाने मागे ओढते, मग ती हलते कशी? न्यूटननेही १६८७च्या 'प्रिन्सिपिया'त दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचंच उदाहरण दिलंय. एका वेळी एकच वस्तू घ्या. गाडीवर बैलाची ओढ पुढे, चाकांचा अडथळा मागे. ओढ जास्त की गाडी निघाली. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे. चिखलात खूर घसरले की जमिनीकडून मिळणारा रेटाच कमी पडतो, आणि बैल कितीही दमदार असला तरी गाडी रुतलेलीच.

आकृती काढताना मी आजही प्रत्येक बाणाशेजारी दोन नावं लिहितो: 'पृथ्वीने, पुस्तकावर'. जोडी हवी असेल तर नावांची अदलाबदल करायची. बाणाला दुसरं नाव सापडलं नाही, तर तो बाण खोडतो.