तळघरातल्या खोलीला फरशी कोणती? आधी एक पावसाळा बघा

दुकानात लॅमिनेटच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फरशीच्या) तुकड्यावर ग्लासभर पाणी ओतून दाखवतात. "बघा, काही होत नाही!" पण तळघरात पाणी वरून पडत नाही, खालून चढतं. ते दाखवायची सोय कुठल्याच दुकानात नसते.

माझ्या मावसभावाने पुण्यातल्या बंगल्याच्या तळघरात लेकाच्या तबल्याच्या रियाजासाठी खोली केली. एप्रिलमध्ये लॅमिनेट बसवलं, ऑगस्टमध्ये सांधे फुगून वर आले. एक पट्टी उपसली तर खालच्या फोमवर काळी बुरशी आणि भिजल्या गोणपाटाचा वास. पुण्यात बऱ्याच ठिकाणी तळघर काळ्या खडकात फोडून काढलेलं असतं. त्या खडकाच्या भेगांतून पाणी वाहतं आणि खड्ड्याकडे धावतं. विहिरीला पाणी लागतं ते असंच. त्यामुळे पाऊस थांबला तरी ओल लगेच थांबत नाही.

१. ओल तपासा, आणि ती ऑगस्टमध्येच

जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट लांब-रुंद तुकडे कापा. कोबा, म्हणजे सिमेंट-काँक्रीटची जमीन, झाडून एक तुकडा खोलीच्या मधोमध, एक बाहेरच्या भिंतीलगत आणि एक कोपऱ्यात अंथरा. चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करून पूर्ण एक दिवस तसेच राहू द्या. प्लास्टिकच्या आतून थेंब जमले किंवा खालचा कोबा काळपट पडला, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब प्लास्टिकच्या वर असतील तर तो हवेतल्या दमटपणाचा घाम. त्यावर फरशी बदलून उपयोग नाही. डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र) लावा आणि धो धो पावसात खिडक्या सताड उघडू नका, बाहेरची दमट हवा आत येऊन थंड जमिनीवर आणखी पाणी धरते. हीच चाचणी मे महिन्यात केलीत तर सगळं कोरडं दिसेल. त्यावर विसंबू नका.

भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. ब्रशने झाडा आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहून ठेवा. महिन्याभरात पुन्हा आला तर ओल चालूच आहे.

२. पाणी झिरपत असेल तर फरशीचा विषय बंद

नुसती ओल वेगळी आणि पाणी वेगळं. बाहेर जमिनीत तळघराच्या तळापासून १ मीटर उंचीपर्यंत पाणी चढलं, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १ टनाचा रेटा येतो. कुठलीही टाइल हे थोपवायला बनवलेली नसते. फरशीचे पैसे आधी वॉटरप्रूफिंग, बाहेरचा निचरा, संप (झिरपलेलं पाणी गोळा करायचा खड्डा) आणि पंप यांच्याकडे वळवा. घरातली मंडळी कुरकुरतील. कुरकुरू द्या.

३. उंची मोजा

हे हमखास राहून जातं. वाळू-सिमेंटच्या दोन इंची थरावर फरशी बसवली की जमीन जवळजवळ अडीच इंच वर येते. छत तेवढं खाली येतं, दार घासतं आणि जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते. पाय ठेचाळतो तो तिथेच. कोबा सपाट असेल तर ॲडेसिव्हवर बसवा, पाऊण इंचात काम होतं.

४. आता निवडा

थोडी ओल असेल तर माझं मत कोटा दगडाच्या फरशीला. जमिनीतली वाफ त्यातून थोडीफार निघून जाते, वर लोणा फुटला तर पुसता येतो आणि दहा वर्षांनी जागेवरच पुन्हा पॉलिश करता येतं. फक्त त्यावर ॲसिड ओतू नका. कोटा हा चुनखडक आहे, ॲसिड त्याला खातं. बजेट आखडतं असेल तर घोटलेला कोबाही चांगला, पण मध्ये काचेच्या पट्ट्या टाकून चौकोन पाडून घ्या, नाहीतर वाटेल तिथे तडकतो.

व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, म्हणून ती स्वतः बिघडत नाही. ओल मग सांध्यांतून वाट काढते. मॅट फिनिशची घ्या, पावसाळ्यात जिन्यावरून ओले पाय उतरतातच.

एसपीसी व्हायनिल (दगडाची पूड आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या पट्ट्या) पाण्याने फुगत नाही हे खरं, पण ओल त्याच्या खाली कोंडते आणि वास सुटतो. ऑगस्टच्या चाचणीत प्लास्टिक कोरडं निघालं तरच त्याचा विचार करा. ओल्या कोब्यावर इपॉक्सीचा थर दिला तर त्याला फोड येतात. पांढऱ्या संगमरवरावर पिवळे डाग उमटतात. लॅमिनेट, लाकूड आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा, तिन्ही नकोत.

५. बसवताना उभे राहा

ॲडेसिव्ह दातेरी पट्टीने पूर्ण पसरायला सांगा. घाईत कारागीर टाइलच्या मागे चार-पाच गोळे लावून ती दाबून मोकळा होतो. मधल्या पोकळीत पाणी साचतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर रुपयाचं नाणं वाजवत फिरा. आवाज पोकळ आला तर खडूने फुली मारा आणि ती टाइल उपसायला लावा. चार-सहा टाइल जास्तीच्या आणून जिन्याखाली ठेवा, तोच लॉट पुन्हा मिळत नाही.

मावसभावाच्या तळघरात आता कोटा आहे. खोली घुमते म्हणून तबल्याखाली सतरंजी असते. रियाज संपला की लेक ती गुंडाळून वर नेतो आणि जिन्याच्या कठड्यावर वाळत टाकतो.