बी-वन झालं, आता बोलायचं कसं? श्टुटगार्टला येणाऱ्यांसाठी

बी-वन ही जर्मन भाषेची मधली पातळी. तिच्या तोंडी परीक्षेत समोर बसलेला जोडीदार तुमच्यासारखाच पुण्यात किंवा मुंबईत जर्मन शिकलेला असतो. तो सावकाश बोलतो, पुस्तकातलीच वाक्यं वापरतो. श्टुटगार्टच्या बेकरीतल्या बाईंना तेवढी सवड नसते. तुमच्यामागे रांग असते, आणि ब्रेडचं नाव तुम्ही घोकून आलेले असलात तरी त्या भलतंच काही विचारतात.

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळासाठी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी (श्टुटगार्ट ही त्याचीच राजधानी) करार केला, तेव्हापासून ओळखीपाळखीतून मला एकच प्रश्न येतो: "ताई, तिथे जर्मन कितपत लागतं?" मी इथे मास्टर्सला आले आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिले. माझं उत्तर असं, की व्याकरण तुम्हाला येतं तेवढं बहुतेक वेळा पुरतं. कमी पडते ती अर्धवट समजलेलं बोलणं पुढे रेटायची सवय, आणि ती क्लासमध्ये लागत नाही.

बेकरीचं आधी उरकू. तिथले प्रश्न ठरलेले असतात. "झोन्स्ट नॉख वास?" म्हणजे अजून काही? "त्सुम मिटनेमन?" म्हणजे बांधून देऊ का? अख्खा ब्रेड घेतलात तर कापून हवा का, तेही विचारतील. संपलं की "दास वार्स", म्हणजे बस्, एवढंच, असं म्हणायचं. मग रोख की कार्ड, आणि शेवटी "बॉन" हवा का. बॉन म्हणजे पावती. 1 जानेवारी 2020 पासून इलेक्ट्रॉनिक गल्ला वापरणाऱ्या दुकानांना पावती देणं सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रश्न दिवसातून दोनतीनदा कानावर पडतो. क्रम ठरलेला असल्यामुळे शब्द निसटला तरी कितवा प्रश्न चालू आहे त्यावरून अंदाज बांधता येतो. एक मात्र ऐका: संध्याकाळी सहाला सुपरमार्केटच्या गल्ल्यावर भाषेचा सराव करू नका. शनिवारच्या भाजीबाजारात करा. तिथे माणसं बटाट्याच्या जातींवरही हौसेने बोलतात.

खरी पंचाईत होते ती बोलण्याला ठरलेला क्रम नसतो तिथे. समजलं नाही की आपल्याकडून दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर आपण "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत मान डोलावतो. आपलं "हो हो" आदराचं असतं, पण जर्मन कानाला लागोपाठचं "या, या" बऱ्याचदा "कळलं, पुरे आता" असं लागतं. आपली मान तर हो म्हणते की नाही, हे त्यांना उमगतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे "वी बिट्टे?", म्हणजे काय म्हणालात, असं विचारणं. ते सभ्य आहे, चुकीचं नाही, पण त्याने नेमकं काय अडलं ते समोरच्याला कळत नाही. मग तेच वाक्य त्याच वेगात, थोड्या चढ्या आवाजात परत येतं, नाहीतर समोरचा सरळ इंग्रजीवर उतरतो.

माझ्या अनुभवात चालतो तो तिसरा मार्ग: जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवायचं आणि राहिलेल्यावरच बोट ठेवायचं. आमच्या जिन्यातलाच प्रसंग सांगते. इकडे श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, "केअरवोखं" नावाचा प्रकार आहे: जिना झाडण्यापुसण्याची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. माझ्या दारावर पाटी आली त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यातच गाठलं आणि अस्सल श्वेबिशमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, एक लांबलचक वाक्य ऐकवलं. त्यातलं मला फक्त "शनिवार" आणि "जिना" एवढं कळलं. मी म्हटलं, "आल्झो, झाम्सटाग दी ट्रेपे. उंट देन केलर आउख?" म्हणजे शनिवारी जिना, आणि तळघरही का? आजी म्हणाल्या, "नोई!" हे त्यांचं "नाइन", म्हणजे नाही. मग हाताने फुटपाथ दाखवत त्यांनी समजावलं, की लहान पाळी आणि मोठी पाळी वेगळी. तळघर आणि बाहेरचा भाग मोठ्या पाळीत येतो. माझा तळघराचा अंदाज चुकला होता, तरी काम झालं. चुकीचा अंदाज दुरुस्त करायला माणसं लगेच पुढे येतात. नुसत्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघून काय समजवायचं, ते त्यांनाही सुचत नाही.

हेच सरकारी कचेरीत. नवीन घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. त्या दाखल्याचं नाव आहे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. ते उच्चारण्यात दम घालवू नका, छापील कागद पुढे करा. पण सही कोणाची, कधीपर्यंत, मूळ प्रत की झेरॉक्स, हे तोंडी ठरतं. तिथे "आल्झो, देर फेरमीटर उंटरश्राइब्ट, निश्ट इश?" असं विचारा, म्हणजे सही घरमालकाने करायची, मी नाही, बरोबर? उत्तर बहुतेक एका शब्दात येतं, आणि एका शब्दाचं उत्तर कोणालाही समजतं.

आता ऐकण्याबद्दल. आपण जर्मन शिकतो इंग्रजीच्या आधाराने, पण आकडे ऐकताना इंग्रजी मध्ये कडमडते. "फ्युन्फ-उंट-नॉइन्त्सिश" (पाच आणि नव्वद) इंग्रजीतून ऐकलंत तर पाच आधी लिहून बसाल. मराठीतून ऐका: पंच्याण्णव. आपल्यातही एकक आधी, मग दशक. वाक्यांचंही तेच. "दास ब्राउखन झी हॉयटं निश्ट" यातलं "निश्ट" शेवटी येतं, आपल्या "हे आज लागणार नाही" मधल्या "नाही"सारखं. म्हणून वाक्य संपेपर्यंत थांबा, मध्येच पिशवीतून फाइल काढायला लागू नका.

घड्याळाच्या बाबतीत मात्र मराठी एका ठिकाणी दगा देते. "हाल्प द्राय" (शब्दशः अर्धा तीन) ऐकलं की तोंडात आपोआप "साडेतीन" येतं, पण ते आहे अडीच. श्वाबेनमध्ये त्यावर आणखी कडी: "फिअर्टल द्राय" म्हणजे सव्वादोन आणि "द्रायफिअर्टल द्राय" म्हणजे पावणेतीन. डॉक्टरच्या वेळेचं असं गणित पडलं की मी "आल्झो, फिअर्त्सेन उअर द्रायसिश?" असं चोवीस तासांच्या घड्याळात परत विचारते. चौदा वाजून तीस मिनिटं, वाद मिटला.

फोन हा सगळ्यात अवघड, कारण चेहरा दिसत नाही. लावण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: कशासाठी फोन करताय, कुठल्या वेळा चालतील, विम्याच्या कार्डावरचा नंबर. पलीकडून "त्स्वो" ऐकू आलं तर गडबडू नका; ते "त्स्वाय", म्हणजे दोनच. "द्राय"शी घोटाळा होऊ नये म्हणून फोनवर तसं म्हणतात.

जेवायला बोलावलं तर आपला आग्रहाचा हिशेब घरी ठेवून जा. "अजून घेणार?" यावर नुसतं "डांके" (धन्यवाद) म्हणालात तर ते नको असंच धरतात, आणि दुसऱ्यांदा सहसा विचारत नाहीत. भूक असेल तर पहिल्याच वेळी "या, गेर्नं", म्हणजे हो, आवडेल. ऑफिसात दुपारी कोणी "मालत्साइट" (जेवणाच्या वेळचा नमस्कार) म्हटलं की उलट "मालत्साइट" म्हणायचं. शुक्रवारी सुट्टीच्या शुभेच्छा आल्या की "डांके, ग्लाइशफाल्स", म्हणजे तुम्हालाही. यात विचार करण्यासारखं काही नाही, पाठच करा.

समोरचा इंग्रजीवर गेला तर वाईट वाटून घेऊ नका. तो बहुतेक वेळा मदतच करत असतो. हसून एकदा सांगा की मला जर्मनच बोलायचंय, शिकतेय अजून. पण दवाखान्यात, बँकेत, करारावर सही करताना हा हट्ट सोडा. तिथे सराव नाही, काम महत्त्वाचं.

आणि आडनाव. ते फोनवर अक्षरं फोडून सांगावंच लागतं, आणि इथे इंग्रजी सवय हमखास नडते: जर्मनमध्ये "ए" असा उच्चार म्हणजे E हे अक्षर आणि "ई" असा उच्चार म्हणजे I. जोशींचा जे इथे "योट" असतो. अक्षरांसाठी शब्दही ठरलेले आहेत: जुने लोक माणसांच्या नावांवर चालतात, आंटोन, लुडविग, रिशार्ड; 2022 पासूनच्या कार्यालयीन यादीत शहरं आली आहेत. कुलकर्णी असाल तर क्योल्न, उन्ना, लाइप्त्सिश, क्योल्न, आखेन, रोस्टॉक, न्युर्नबेर्ग, इंगेलहाइम. आपापल्या आडनावाची अशी पट्टी करून फोनच्या कव्हरमध्ये सरकवून ठेवा. पहिल्या महिन्यात डॉक्टर, बँक, वीज कंपनी, सगळीकडे ती लागते.