एक्यूआयचा आकडा पाहताना त्याखालचं नावही वाचा

हिवाळ्यात मुंबई-पुण्यात सकाळी फिरायला जाण्याआधी बरेच जण मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, पाहतात, पण नुसता आकडा पाहून थांबतात. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात पीएम २.५ आणि पीएम १० (हवेतले सूक्ष्म धूलिकण), ओझोन, कार्बन मोनॉक्साइड अशा आठ प्रदूषकांचा विचार होतो आणि ही सरासरी नसते. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात. त्यातला सर्वांत वाईट तोच त्या दिवसाचा एक्यूआय. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर आकड्यासोबत मुख्य प्रदूषकही बघाच.

कारण उपाय त्यावरच ठरतो. पीएम २.५ असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क कामाचा, साधा रुमाल नाही. ओझोन असेल तर हा मास्क उपयोगाचा नाही, तो वायू आहे. कडक उन्हात वाढतो, त्यामुळे दुपारचा व्यायाम टाळा. थंडीत धूलिकण पहाटे जमिनीलगत साचतात, तेव्हा ऊन चांगलं वर आल्यावर बाहेर पडलेलं बरं. दम्याच्या रुग्णांनी आणि घरातल्या लहानग्यांसाठी हे कटाक्षाने पाळावं.

दोन ॲपांचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. पीएम २.५ची २४ तासांची सरासरी दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय मोजणीत एक्यूआय १०० येतो, अमेरिकी मोजणीत दीडशेच्या आसपास. कोणतंही एकच ॲप धरा आणि घराजवळचं केंद्र निवडा.