पहिले राउटर बिट: डबा नको, तीन सुटे नग पुरेत

हौसेने सुतारकाम शिकू लागलेला माणूस ट्रिमर, म्हणजे लाकडात खाचा काढणारा आणि कडा घडवणारा छोटा राउटर, विकत घेतो आणि दुसऱ्याच दिवशी त्यात बसवायच्या बिटांच्या, म्हणजे फिरत्या पात्यांच्या, शोधात निघतो. बेळगावातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच्यापुढे बहुधा बारा किंवा पंधरा बिटांचा लाकडी डबा ठेवला जातो, आणि एका नगाची किंमत मनातल्या मनात काढून पाहिली की तो डबा स्वस्तच वाटतो. माझ्याकडेही असा एक डबा आहे. त्यातल्या चार बिटांनी काम केले, त्यांतले दोन पहिल्याच प्लायवर बोथट झाले आणि उरलेल्या आठांना आजवर लाकूड लागलेले नाही. म्हणजे चार हलक्या बिटांसाठी मी बारांचे पैसे मोजले. त्याच पैशांत तीन चांगले सुटे बिट आले असते आणि पहिले वर्षभर चौथ्याची गरज भासली नसती.

बिट निवडताना धारेच्या आधी दांडा पाहावा. आपल्याकडचे सुतार माप सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणून पाव इंच म्हणजे दोन सूत. अडचण अशी की बोलताना ६ मिलिमीटरचा दांडाही ‘दोन सूत’ ठरतो आणि ६.३५ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या पाव इंचाचा दांडाही ‘दोन सूत’च. नजरेला हा फरक कळत नाही, कोलेटला, म्हणजे ट्रिमरमध्ये दांडा पकडून ठेवणाऱ्या नळीला, मात्र कळतो. खानापूरहून आणलेल्या एका सागवानी फळीत मी चौरंगासाठी ४ मिलिमीटर खोलीची खाच काढत होतो. डाव्या टोकाला खोली अगदी बरोबर होती. उजव्या टोकाला पोहोचेपर्यंत ती ९ मिलिमीटर झाली होती. नट पूर्ण आवळूनही ६ चा दांडा ६.३५ च्या कोलेटमध्ये घट्ट धरला जात नव्हता आणि बिट थरथरत, कणाकणाने खाली उतरत होता. काढून पाहिला तर दांड्यावर बांगडीसारखे गोल ओरखडे उमटले होते. फळी गेली ती गेलीच, पण बिट पूर्ण सुटून अंगावर आला नाही हे नशीब.

म्हणून दुकानात जाताना ट्रिमर नाही तरी त्याचा कोलेट काढून सोबत न्यावा, त्यावर कोरलेले माप वाचावे आणि दांडा व्हर्नियरने, म्हणजे बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाने, मोजूनच घ्यावा. व्हर्नियर घरात नसला तरी अडत नाही. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये काम करणारा मेहुणा किंवा शेजारी बेळगावात बहुतेकांना असतोच. मोठ्या राउटरच्या बाबतीत हाच घोळ १२ आणि १२.७ मिलिमीटरमध्ये होतो. अर्धा इंची दांडा पाव इंचीच्या दुप्पट जाड असला तरी वाकण्याला विरोध करण्याची त्याची ताकद सोळापट असते, त्यामुळे खोल आणि लांब कापासाठी तोच हवा. पण ट्रिमरमध्ये तो बसतच नाही, तेव्हा नवशिक्याने त्याचा मोह तूर्त सोडावा.

दांड्यानंतर धार. हायस्पीड स्टीलचा बिट स्वस्त असतो, त्याला सुरुवातीला धारही सुरेख असते आणि मऊ लाकडात तो छान चालतो. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) यांच्यामधला गोंद मात्र ती धार पाहता पाहता खाऊन टाकतो, आणि आपण घरी जे करतो त्यातले निम्मे काम प्लायचेच असते. म्हणून कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची पाती डाख देऊन बसवलेला बिटच घ्यावा. तो हातात घेऊन उजेडाकडे धरावा. पाते आणि पोलाद यांच्यामधली डाखाची रेघ सलग दिसली पाहिजे. तिच्यात बारीक छिद्रे किंवा फट दिसली तर तो नग परत ठेवावा. पाते जितके जाड तितक्या वेळा त्याला पुन्हा धार लावता येते. कागदासारखे पातळ पाते एकदा बोथट झाले की संपले. अंगठ्याच्या नखावरून धार अलगद फिरवली असता ती कुठेही अडखळू नये. दुकानदार कंटाळला तरी चालेल, पण हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता तीन नग कोणते. पहिला ६ मिलिमीटर व्यासाचा सरळ बिट. रुंद खाचेसाठी रुंद बिट घ्यावा असे वाटते, परंतु १२ मिलिमीटर म्हणून मिळणारा प्लाय प्रत्यक्षात बरेचदा थोडा कमी भरतो आणि १२ च्या बिटने काढलेल्या खाचेत तो खुळखुळतो. ६ च्या बिटने दोनदा फिरवून हवी तितकीच रुंदी मिळते. हा बिट तळालाही कापतो ना, हे पाहून घ्यावे, नाहीतर फळीच्या मध्यावर तो वरून उतरवता येत नाही. दुसरा बिट टोकाला बेअरिंग असलेला, कड सपाट करणारा. सनमायकाची वाढलेली कड कापण्यापासून ते एकाच आकाराच्या चार फळ्या नमुन्यावरून उतरवण्यापर्यंत तो इतका उपयोगी पडतो की थोडे जास्त पैसे घालायचेच असतील तर ते याच्यावर घालावेत. बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे. ते मऊ फिरावे, पण आडवे हलू नये. तिसरा ६ मिलिमीटर त्रिज्येचा, कड गोल करणारा बिट. पाट, चौरंग, गणपतीचे मखर, देव्हाऱ्याची पायरी, सगळीकडे तो लागतो, आणि जरा खोल उतरवला की गोलाईशेजारी एक बारीक पायरीही उमटते. त्यामुळे नक्षीदार कडेचा महागडा बिट पहिल्या वर्षी घेतला नाही तरी देव्हारा ओकाबोका दिसत नाही.

मोठ्या व्यासाचे बिट ट्रिमरला लावू नयेत. बहुतेक ट्रिमर मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे घेतात आणि अनेकांचा वेग कमी करता येत नाही. त्या वेगाला २५ मिलिमीटर व्यासाच्या बिटची धार सेकंदाला ३९ मीटर धावते, ५० मिलिमीटरची ७८ मीटर. चांगल्या बिटवर किंवा त्याच्या वेष्टनावर कमाल फेरे छापलेले असतात. ज्यावर काहीच छापलेले नाही असा मोठा बिट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

बिट बसवण्याआधी प्लग काढावा. दांडा कोलेटमध्ये तळापर्यंत घालून दोन-तीन मिलिमीटर वर ओढावा आणि मग आवळावा, कारण तळाला टेकलेला दांडा आवळताना कोलेटची पकड नीट बसत नाही. एका फेरीत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जाऊ नये. फळीच्या बाहेरच्या कडेवर, कड आपल्यासमोर असताना, ट्रिमर डावीकडून उजवीकडे न्यावा. उलट नेला तर तो हातातून पुढे पळतो. लाकूड काळे पडू लागले तर एक तर हात फार सावकाश चालला आहे, नाहीतर बिट बोथट झाला आहे. पहिला काप नेहमी टाकाऊ तुकड्यावर घ्यावा, आणि डोळ्यांना चष्मा असावाच.

खानापूरकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना गंजाबद्दल वेगळे सांगायला नको. जून ते सप्टेंबर बिट उघड्यावर राहिले तर दांड्यावर तांबूस थर धरतो, आणि तोच थर कोलेटची पकड बिघडवतो. काम झाल्यावर धारेला चिकटलेला लाकडाचा चीक रॉकेलमध्ये भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने काढावा, मात्र बेअरिंग आधी उतरवून ठेवावे, कारण रॉकेल त्यातले ग्रीस धुऊन नेते. मग दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचे बोट लावून ठेवावे आणि पुढच्या वेळी कोलेटमध्ये घालण्याआधी ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे. बिट एका डब्यात एकत्र टाकू नयेत. कार्बाइड कठीण असते पण ठिसूळही असते, आणि शहाबादी फरशीवर एकदा पडले तरी त्याचा टवका उडतो. लाकडाच्या ठोकळ्याला भोके पाडून त्यांत बिट उभे ठेवले की झाले. माझे तीन बिट अशाच एका ठोकळ्यात आहेत, आणि तो ठोकळा खाच बिघडलेल्या त्याच सागवानी फळीचा आहे.