दोघांनी मिळून सीनियर मिशनला जायचंय? मग आधी हे बोलून घ्या

मुलं मार्गी लागली, नोकरी संपली आणि आता दोघांनी मिळून मिशनला, म्हणजे काही महिने घर सोडून चर्चच्या सेवेला, जायचं मनात आहे, तर फॉर्म उघडायच्या आधी दोघं निवांत बसून बोला. फॉर्म सोपाच असतो हो, पण एकाला मनापासून जायचंय आणि दुसरा नुसता हो ला हो करतोय असं असेल तर ते तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात बाहेर पडतं. मी हे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या सीनियर कपल मिशनबद्दल लिहितेय, दुसऱ्या चर्चचे नियम वेगळे असतील पण घरातली तयारी बरीचशी सारखीच.

सगळ्यात आधी एक भीती डोक्यातून काढा, की आपल्याला त्या तरुण मिशनरींसारखं सकाळपासून रात्रीपर्यंत दारोदार फिरावं लागेल. तसं नसतं. सीनियर जोडप्यांचं वेळापत्रक बरंच मोकळं असतं, राहायला स्वतंत्र फ्लॅट, सोबत लॅपटॉप चालतो, आणि घरी फोन करायला ठरावीक वार नाही, नातवंडांशी रोज बोललात तरी चालतं (तरुणांना २०१९ पासून आठवड्यातून एकदा बोलता येतं, आधी तेही नव्हतं). छातीवर नेमटॅग मात्र दोघांच्याही, आणि नावाआधी एल्डर आणि सिस्टर.

काम कोणतं, यावर खरा वेळ घाला. मिशन ऑफिसमध्ये हिशोब, व्हिसा, गाड्या, फ्लॅटचे करार बघायला माणसं लागतात, शिवाय मानवतावादी मदतीचे प्रोजेक्ट, सेमिनरी-इन्स्टिट्यूटचे (तरुणांच्या धर्मशिक्षणाचे) वर्ग, टेंपलमधलं (चर्चचं खास मंदिर) काम, जुन्या नोंदी डिजिटाइज करणं, डॉक्टर-नर्स असाल तर मिशनरींच्या तब्येतीचं काम. उपलब्ध जागांची यादी चर्चच्या वेबसाइटवर असते, ती दोघांनी शेजारी बसून वाचा आणि आवड-नावड फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. कॉल, म्हणजे नेमणूक, कुठली येईल ते शेवटी चर्चच ठरवतं, दुसरंच काहीतरी येऊ शकतं, ती मनाची तयारी हवी. आणि फॉर्ममध्ये आपल्याला काय काय येतं ते लिहिताना लाजू नका, चाळीस वर्षं दुकानाचा हिशोब ठेवला असेल तर ते लिहा, पन्नास माणसांचा स्वयंपाक येत असेल तर तेही लिहा.

मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं काम मेंबर अँड लीडर सपोर्टचं, म्हणजे तिथल्या सभासदांना आणि पुढाऱ्यांना आधार द्यायचं, आणि लोक नेमकं तेच टाळतात कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. छोटी ब्रँच, म्हणजे चर्चची लहान स्थानिक मंडळी असते, रविवारी पंचवीस-तीस माणसं, ब्रँच प्रेसिडेंट स्वतःच वर्षभरापूर्वी चर्चमध्ये आलेला, आणि तिथे तुम्ही दर रविवारी वेळेवर जाऊन बसायचं. एवढंच वाटतं ना? पण त्या नव्या माणसांनी चाळीस वर्षं संसार करून एकत्र प्रार्थना करणारं जोडपं बहुतेक जवळून पाहिलेलंच नसतं, ते बघण्यातच ती किती शिकतात. इथे एक पथ्य कडक पाळा: त्यांचं काम तुम्ही करू नका. क्लार्कला रेकॉर्ड भरता येत नसेल तर शेजारी बसा, तो चुकेल, परत भरेल, तासाचं काम तीन तास चालेल, चालू दे. तुम्ही पटकन करून टाकलंत तर तुम्ही गेल्यावर ते काम तिथेच थांबतं. जे येईनासे झालेत त्यांच्या घरी जा, पण पहिल्या भेटीत चर्चला का येत नाही हे विचारू नका, चहा घ्या, तब्येतीची चौकशी करा, घरातल्या मुलांची नावं लक्षात ठेवा आणि पुन्हा भेटायला जा.

मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने अशी निवडता येते. परदेशी जायचं तर साधारणपणे १८ च्या पुढे धरा, नवीन जागा अंगवळणी पडायलाच बराच वेळ जातो.

पैसे आपलेच असतात, हे मुलांनाही आधी सांगून ठेवा. परदेशात घरभाड्याचा भार फार होऊ नये म्हणून चर्चने २०११ मध्ये जोडप्याच्या घरखर्चावर महिना १४०० डॉलरची कमाल मर्यादा घातली होती, सध्या काय आहे ते बिशपकडून (आपल्या स्थानिक मंडळीचे प्रमुख) विचारून घ्या, आणि जेवणखाण, औषधं, घरचे चालू हप्ते वेगळे धरून बजेट करा. विम्याकडे तर अजिबात दुर्लक्ष करू नका, अमेरिकेतून जाणाऱ्यांनी खास लक्ष द्या, मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) देशाबाहेर जवळजवळ कशाचेच पैसे देत नाही.

तब्येतीचं सगळं खरं खरं लिहा. डॉक्टर आणि डेंटिस्ट दोघांचीही तपासणी लागते, मग बिशप आणि स्टेक प्रेसिडेंटच्या (भागातल्या बऱ्याच मंडळ्यांचे मिळून प्रमुख) मुलाखती. गुडघा दुखतो हे लपवलंत आणि लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर राहायची वेळ आली तर रोजचे हाल तुमचेच. दाताची राहिलेली कामं निघायच्या आधी उरका.

घरचं म्हणाल तर मुखत्यारपत्र, बँकेचे व्यवहार, पत्रं कोण बघणार हे एकाच मुलाकडे द्या, सगळ्यांकडे थोडं थोडं दिलं की कोणीच बघत नाही. म्हातारे आईवडील असतील तर भावंडांशी मोकळं बोला, आणि तो प्रश्न सुटतच नसेल तर घरी राहून आठवड्यातले काही तास करायचं सर्व्हिस मिशनही असतं, ते कमी प्रतीचं अजिबात नाही.

आणि आता दोघांचं. इतकी वर्षं एक जण कामावर, एक जण घरात किंवा दोघं आपापल्या कामावर, आणि आता एकदम चोवीस तास एकत्र, तेही परक्या जागी, परकी भाषा, गाडीत रस्ता चुकला की चिडचिड ठरलेली. म्हणून कामं वाटून घ्या, नकाशा ज्याला कळतो तो बघेल आणि दुसऱ्याने त्यात बोलायचं नाही. रोज एक तास ज्याचा त्याचा ठेवा. आमच्याकडे हे पहाटे फिरायला जायचे आणि मी एकटी बसून वाचायची, तेवढ्या वेळात कोणी कोणाला हाक मारायची नाही असं ठरलेलंच होतं. भाषेची पंचवीस-तीस वाक्यं तरी निघायच्या आधी पाठ करा, उच्चार चुकले तरी लोक खूश होतात.

घर भाड्याने देऊन जात असाल तर भाडेकरूचा करार परतीच्या तारखेच्या पुढे चालू ठेवू नका, उलट घर आधीच मोकळं होईल असं बघा, सामान घेऊन मुलाच्या हॉलमध्ये राहायची वेळ यायला नको. आल्या आल्या स्टेक प्रेसिडेंटना भेटायचं असतं, ते रीतसर रिलीज करतात, म्हणजे मिशनमधून मोकळं करतात, तोपर्यंत नेमटॅग काढायचा नाही.