पीएचपीमध्ये रीड-ओन्ली प्रॉपर्टी करताना आधी ठरवा, अडवायचंय कोणाला

समजा बिलाचा क्लास लिहिताय. बिल नंबर, तारीख, आयटमची यादी, टोटल, हे सगळं बाहेरून वाचता यायला हवं पण बदलता येता कामा नये. पण म्हणून सरसकट सगळीकडे रीडओन्ली हा कीवर्ड चिकटवू नका, कारण बाहेरच्यांनी हात लावायचा नाही हे वेगळं आणि कोणीच कधीच बदलायचं नाही हे वेगळं.

नंबर एकदा पडला की पडला, तिथे रीडओन्ली बरोबर. पीएचपी ८.१ पासून (२०२१) आहे ते. टाइप द्यावाच लागतो, आणि एकदा व्हॅल्यू भरली की क्लासच्या स्वतःच्या मेथडलाही ती बदलता येत नाही.

आणि नेमकं इथेच आयटमच्या यादीचं घोडं अडतं. यादीचा अ‍ॅरे रीडओन्ली केला तर आयटम अ‍ॅड करणारी तुमचीच मेथड एरर खाते. त्यासाठी ८.४ मध्ये (२०२४) सोय आली, पब्लिकच्या पुढे प्रायव्हेट आणि त्याला चिकटून कंसात सेट असं लिहायचं, मग वाचणार सगळे, लिहिणार फक्त क्लास. बाहेरून अ‍ॅरेत काही घुसवायला गेलं तरी एरर येतो, ते बघायची काळजी नको.

टोटल तर साठवूच नका राव, आयटमवरूनच काढा. ८.४ मध्येच प्रॉपर्टी हुक आलेत, म्हणजे प्रॉपर्टी वाचताना (गेट) किंवा लिहिताना (सेट) आपोआप चालणारा कोड, फक्त गेट हुक लिहा, त्यात बेरीज करून रिटर्न करा, सेट नाहीच म्हटल्यावर बाहेरून असाइन केलं की एरर.

तारखेत मात्र बरेच जण फसतात. प्रॉपर्टी रीडओन्ली आहे पण आत साधा डेटटाइम ठेवलाय, तर कोणीही त्यावर मॉडिफाय कॉल करून बिल पुढच्या महिन्यात ढकलू शकतो आणि एरर वगैरे काही नाही, कारण रीडओन्ली फक्त ऑब्जेक्ट बदलू देत नाही, त्या ऑब्जेक्टच्या आत काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डेटटाइमइम्युटेबल वापरा, त्यावर मॉडिफाय केलं तरी मूळ तारीख तशीच राहते, विषय संपला.

सर्व्हरवर ८.१ च्या आधीचं व्हर्जन असेल तर प्रायव्हेट प्रॉपर्टी आणि साधी गेटर मेथड, बोअर आहे पण चालतं. मॅजिक गेटच्या (प्रॉपर्टी सापडली नाही की पीएचपी स्वतःहून कॉल करतं ती मेथड) नादी शक्यतो लागू नका. डेटा आतल्या अ‍ॅरेत ठेवून नुसतं मॅजिक गेट लिहिलं आणि बाहेरून कोणी टोटलला असाइन केलं, तर चुपचाप त्या नावाची नवी पब्लिक प्रॉपर्टी तयार होते आणि तिथून पुढे त्या ऑब्जेक्टवर तुमचं गेट कॉलच होत नाही. लिहायचंच असेल तर सोबत मॅजिक सेट (असाइन करताना तशीच कॉल होणारी मेथड) लिहून त्यात एक्सेप्शन फेका, आणि मॅजिक इसेट (व्हॅल्यू आहे का हे इसेटने तपासताना कॉल होणारी) पण लिहा, नाहीतर व्हॅल्यू असूनही इसेट फॉल्स देत राहील.